भिंत न फोडता सापडलेला जोड

हॉलमधले पुढचे दिवे चालू, मागचा बंद, आणि पॅसेजमध्ये तर पूर्ण अंधार. एमसीबी पडला नव्हता, आरसीसीबीही जागेवर. दोन्ही बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच. शॉर्ट झाला असता तर एमसीबी पडला असता, करंट कुठे गळत असता तर आरसीसीबी. दोन्ही शांत, म्हणजे वायर तुटली असणार किंवा जोड सुटला असणार. पण सगळी वायरिंग कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आत पाइपातून. कुठे शोधायचं?

वायरमनने भिंतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, वरच्या कडेने झिरी मारून पाइप उघडू."

"आधी नुसतं तपासू या. फोडायला भिंत कुठे पळून जाते आहे?"

बंद दिव्याच्या होल्डरमध्ये त्याने टेस्टर लावला, तर दोन्ही पिनांवर पेटला. मी चक्रावलो. तो मात्र लगेच म्हणाला, "न्यूट्रल कट आहे, रिटर्न येतोय." म्हणजे करंट परत नेणारी वायर, न्यूट्रल, मध्येच तुटली होती. करंट आणणारा फेज शाबूत होता. तो शेजारच्या चालू बटणाच्या बल्बमधून पलीकडच्या न्यूट्रलमध्ये उतरत होता, आणि पुढे वाट नसल्यामुळे तिथेच अडकत होता. खात्री करायला बंद भागातली सगळी बटणं ऑफ केली. न्यूट्रलवरचा टेस्टर विझला. अशा वायरीला 'न्यूट्रलच आहे' म्हणून हात लावणं किती महागात पडेल, ते तेव्हा नीट कळलं. डिजिटल मल्टीमीटरवरही विसंबून चालत नाही. तुटलेल्या वायरीवर शेजारच्या वायरीमुळे तो उगाच काहीतरी व्होल्टेज दाखवतो, आणि बल्ब लावला की ते गायब होतं.

मग त्याने मेन बंद केला, डीबीतल्या, म्हणजे एमसीबींच्या डब्यातल्या, न्यूट्रल जोडायच्या पट्टीवरून (न्यूट्रल लिंक) या सर्किटची वायर सोडवली आणि तिला एक लांब वायर जोडली. त्या वायरीचं दुसरं टोक घेऊन आम्ही एकेका पॉइंटवर गेलो, बल्ब काढून ठेवले आणि ओहम मोजले. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध 100 मीटरला साधारण 1.2 ओहम असतो, त्यामुळे घरातल्या अंतराला एक ओहमच्या आसपास आकडा आला की वायर सलग आहे असं समजायचं. चालू दिव्यांपाशी तसाच आकडा आला. मागच्या दिव्यापाशी मीटर काहीच दाखवेना. लायटिंगचं लूपिंग एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जातं, म्हणून दोष शेवटचा चालू दिवा आणि पहिला बंद दिवा यांच्यामधेच असणार. अख्ख्या घराची भानगड आता एका भिंतीच्या वरच्या पट्ट्यापुरती उरली.

पण तिथे वायरींचे जोड असतात तो जंक्शन बॉक्स काही दिसेना. खोलीत अंधार केला आणि टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा झोत टाकला. स्लॅबच्या खाली रंगाच्या थरातून एक पुसट गोल कड उठून दिसली. कुणीतरी जंक्शन बॉक्सच्या झाकणावर पुट्टी ओढून वर रंग मारला होता! असं करणाऱ्याला काय म्हणावं? जोड तपासता येत नसेल तर बॉक्स ठेवायचाच कशाला?

कटरने कडेची पुट्टी कापून झाकण काढलं. आत पीळ देऊन गुंडाळलेले जोड. न्यूट्रलच्या जोडावरची टेप वाळून कडक झालेली, बोट लावताच तिचा भुगा पडला. एक वायर एकसंध तांब्याची, दुसरी बारीक तारांची. अशा पिळाची पकड हळूहळू ढिली पडते, जोड तापतो, तांबं काळवंडतं. आधी काही आठवडे दिवे लुकलुकत होते, ते यामुळेच. आम्ही मात्र बल्ब बदलत बसलो होतो.

काळी टोकं कापून त्याने वायरी सोलल्या आणि पीळ न देता कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळल्या. मी सांगितल्यावर बॉक्समधले बाकीचे जोडही तसेच करून घेतले. त्यातला एक हलकेच ओढला तर हातात आला. बल्ब काढलेलेच होते, म्हणून लगेच 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. बल्ब तसेच राहिले असते तर रीडिंग चुकलं असतं आणि एलईडीही खराब झाले असते. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे किमान एक मेगाओहम हवा, इथे त्याच्या कितीतरी वर आला. म्हणजे पाइपातल्या वायरी धडधाकट, नवीन ओढायची गरज नव्हती.

बॉक्सवर आता स्क्रूचं झाकण आहे. रंगाऱ्याला ताकीद दिली आहे की त्यावर पुट्टी लावायची नाही.