हलव्याच्या दागिन्यांना एवढे पैसे का?

"ताई, पाव किलो हलवा केवढ्याला मिळतो? मग दागिन्यांचे एवढे कसले?" डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या मंगल कार्यालयांत प्रदर्शनं भरतात, तिथे माझ्या टेबलापुढे हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

हलव्याचा खर्च खरंच फार नसतो. वेळ जातो तो बांधण्यात. बाजारातले बरेच स्वस्त संच पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. मी दाणे बांधते. बारीक तार घ्यायची, रिळाचा दुहेरी दोरा घ्यायचा, मधे दाणा धरून दोऱ्याला पीळ द्यायचा की लगेच पुढचा दाणा. दोरा सैल राहिला तर दाणा गळतो, जास्त आवळला तर काटा मोडतो, आणि काट्यावरच तर हलव्याची सगळी शोभा. नववधूच्या संचात मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा असं बरंच काही येतं, पण खरी कसोटी नथीची. तिला दाणे मोजकेच लागतात, ते मात्र एका मापाचे हवेत; ते निवडण्यातच दुपार सरते. काळ्या साडीवर ती नथ उठून दिसते ना, तेव्हा मला फार बरं वाटतं.

हलवाही घरचाच. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद आच, वरून चमचा चमचा पाक आणि हात सतत फिरता. कोरडी थंडी पडली की काटा सुरेख फुलतो. ढगाळ हवेत कितीही खपा, मनासारखा येत नाही.

बोरन्हाणाच्या संचात मी गोंद, चमकी, टिकल्या वापरतच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. गळ्यातला हार बाळ आधी तोंडात घालणार, हे काय सांगायला हवं? बांधलेला दाणासुद्धा ओढला तर सुटू शकतो, म्हणून प्रत्येक आईला बजावते: हार घातल्यावर बाळावरची नजर हलवू नका आणि फोटो झाले की लगेच उतरवा.

आता विक्रीचे दिवस बघा. बोरन्हाण आणि हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे चांगला महिना मिळाला. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आली, दोन आठवडेसुद्धा नाहीत. टेबलाचं भाडं तेवढंच, मेहनत तेवढीच. उरलेला संच मी पुढच्या वर्षी विकत नाही. पावसाळ्यात हलव्याला पाणी सुटतं, मुंग्या लागतात. म्हणून डिसेंबरात आधी कालनिर्णय उघडते आणि मगच किती संच बांधायचे ते ठरवते. तो न विकला जाणारा मालही किमतीत धरावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी टेबल घेता येणार नाही.

तरीही पूर्ण संच जड वाटत असेल तर खुशाल नुसता मुकुट आणि बाजूबंद घ्या, बाळ तेवढ्यातही गोड दिसतं. फक्त येताना बाळाच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून आणा. मुकुट तिथल्या तिथे बेताचा करून देते.