शोधायचे पैसे : आमच्या ऑटो इलेक्ट्रिकल वर्कशॉपची वाटचाल

आमचं वर्कशॉप सोलापुरात अक्कलकोट रोडला आहे. बोर्डावर ‘ऑटो इलेक्ट्रिकल’ एवढंच लिहिलंय. पण आज येणाऱ्या बहुतेक गाड्यांची कथा सारखीच असते. चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो, कुठेतरी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणारं यंत्र) लावून झालेला असतो, स्कॅनरने ज्या सेन्सरचं नाव दाखवलं तो बदलूनही झालेला असतो आणि दिवा काही जात नाही. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अगदी कर्नाटकातल्या इंडीकडूनसुद्धा अशा गाड्या येतात. हे काम आमच्याकडे कसं आलं आणि त्यातून आमच्या धंद्याची रीत कशी ठरली, ते सांगायचं आहे.

दुकान अप्पांनी टाकलं. तेव्हा काम म्हणजे डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, वायपरची मोटर, हेडलाईटचं वायरिंग. फियाट, अँबॅसिडर, मॅटॅडोर, ट्रॅक्टर आणि हंगामात उसाचे ट्रक. आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं, वाइंडिंग अप्पा स्वतः भरायचे. सेल्फ ओढत नाही म्हणून गाडी आली की बाकीचे आधी सेल्फ खाली उतरवायचे. अप्पा तसं करायचे नाहीत. ड्रायव्हरला सेल्फ मारायला लावून मीटरची एक लीड बॅटरीच्या पोलवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरायचे. मध्ये अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर करंट वाटेतच मरतोय, केबल नाहीतर टर्मिनल बघा, सेल्फला हात लावू नका, असं सांगायचे. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत. आज आम्ही इंजिनच्या सेन्सरवर जे करतो ते याहून वेगळं नाही, फक्त आकडे लहान झाले.

मी आयटीआय करून दुकानात बसायला लागलो तोवर कार्ब्युरेटर मागे पडत चालला होता. पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आलं, डिझेलमध्ये कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) आलं, इंधन किती आणि कधी सोडायचं हे इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवायला लागला. 2010 मध्ये भारत स्टेज-4 हे गाड्यांच्या धुराचं मानक देशातल्या ज्या 13 मोठ्या शहरांत आधी आलं, त्यात सोलापूरचं नाव होतं; देशभर ते 2017 च्या एप्रिलमध्ये लागू झालं. त्यामुळे सेन्सरच्या गाड्या आमच्या दारात जरा लवकरच उभ्या राहिल्या. डायनॅमो-सेल्फचं काम कमी होत गेलं. आर्मेचर भरून घेण्यापेक्षा तयार युनिट बसवणं लोकांना परवडायला लागलं. पतपेढीचं कर्ज काढून पहिला स्कॅनर घेतला, तो या दिवसांत.

स्कॅनर आला म्हणजे निदान आलं, असा बाजारात समज होता आणि तो अजून गेलेला नाही. कोड पी 0118 आला की लोक टेंपरेचर सेन्सर बदलतात. पण त्या कोडचा अर्थ ‘कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त’ एवढाच आहे. सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना आहेत, अर्थची वायर (करंटची निगेटिव्हकडे परतीची वाट) आहे आणि शेवटी इसीएम आहे. यातलं काय गेलंय ते कोड सांगत नाही.

हे पटवायला मी गिऱ्हाईकासमोर एक साधी गोष्ट करून दाखवतो. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास. कपलर काढला की सर्किट उघडं पडतं आणि स्कॅनरवर उणे 40 अंश दिसतं. सोलापुरात, मे महिन्यात, उणे 40. मग कपलरच्या दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा जोडला की आकडा एकदम 130 च्या वर उडी मारतो. उडी मारली तर दोन्ही वायरी आणि इसीएम ठीक आहेत, सेन्सर नाहीतर कपलरची पकड बघायची. आकडा उणे 40 वरच चिकटून राहिला, तर नवा सेन्सर बसवून काहीही होणार नाही, कारण वायर वाटेत तुटलीय किंवा अर्थ गेलाय. पाच मिनिटांचं काम आहे. ही तार मात्र दोन वायरींच्या या सेन्सरवरच लावायची; तीन वायरींच्या सेन्सरवर पाच व्होल्ट थेट अर्थला जोडले जातील.

ज्या गाडीने आमची रीत पक्की केली ती तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर भाविकांना फिरवणारी डिझेल गाडी होती. सकाळी उत्तम चालायची. दुपारी, भरल्या गाडीत, चढाला पिकप जायचा आणि कधी कधी बंदच पडायची. थंड झाली की परत सुरू. दुसरीकडे रेल प्रेशर सेन्सर बदलला होता, मग अ‍ॅक्सिलरेटर पेडल बदललं होतं. ड्रायव्हरमामा वैतागून म्हणाले, “मालक, आता इसीएम बदला म्हणालेत. तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल.”

स्कॅनरवर तीन कोड होते: रेल प्रेशर, पेडल आणि हवेच्या दाबाचा सेन्सर. तीन सेन्सर एका दुपारी एकदम मरत नाहीत. तिघांत सामाईक काय, हे आधी बघायचं. सर्किट डायग्राम काढला, तर त्या गाडीत तिघांनाही इसीएमकडून पाच व्होल्टची एकच लाईन फुटून जात होती. एका गल्लीची पाण्याची लाईन फुटली की तिन्ही घरांचे नळ कोरडे पडतात, तसं झालं होतं.

सकाळी मोजलं तर पाच व्होल्ट बरोबर. म्हणून गाडी तापवून आणली आणि मुलगा सीटवर बसवून, ब्रेक दाबून, इंजिनवर जोर दिला. इंजिन माउंटिंगवर जरासं कलतं. ते कललं की पाचाचे 0.6 व्होल्ट व्हायचे. तेवढ्या स्थितीत इंजिन टेकवून ठेवलं आणि एकेक कपलर काढत गेलो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता, तर त्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत आले असते. तिन्ही काढले तरी आले नाहीत. मग बॅटरी सोडली, इसीएमचा कपलर काढला आणि त्या वायरीपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स बघितला: जवळपास शून्य. म्हणजे दोष इसीएमचा नव्हता. वायर कुठेतरी बॉडीला टेकत होती.

इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका पत्र्याच्या ब्रॅकेटवरून वळत होता. त्याची प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती, म्हणून हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. वरून काही दिसत नव्हतं. पन्हळी नळी उघडली, टेप सोडली, तेव्हा गुलाबी वायरीवर नखाएवढ्या जागेत तांबं उघडं दिसलं आणि त्याच्यासमोर ब्रॅकेटचा रंग घासून चमकत होता. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर घातली, जोड क्रिंप केले, आतून गोंद सुटणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, नवी क्लिप बसवली, ब्रॅकेटची धार कानशीने मारली. परत इंजिनवर जोर देऊन मोजलं. पाच व्होल्ट, हलले नाहीत.

खरा प्रश्न बिलाच्या वेळी आला. नवा पार्ट एकही नाही. मामांना गाडी बरी झाल्याचा आनंद होता, पण गाडीचे शेठ फोनवर म्हणाले, “एक वायर जोडायचे एवढे पैसे?” त्यांच्या जागी ते बरोबरच बोलत होते. सगळा बाजार पार्टवर चालतो: पार्ट घातला तर पैसे, नाहीतर कशाचे? आणि म्हणूनच गाडीत तीन सेन्सर बदलले जातात, कारण शोधायचे पैसे कुणी देत नाही आणि सेन्सरचे मुकाट्याने देतात. गिऱ्हाईकाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, हे मी ठामपणे सांगतो.

त्यानंतर आम्ही ठरवलं की मोजणीचे पैसे वेगळे, आणि ते गाडी आत घेण्याआधी सांगायचे. बिलासोबत एक कार्ड द्यायचं: कोणत्या पिनेवर किती व्होल्ट असायला हवे होते, आले तेव्हा किती होते, काम झाल्यावर किती आहेत. जुन्या वायरीचा कापलेला तुकडा कार्डाला स्टेपल करायचा. जो भाग मोजून खराब ठरला नाही तो बदलायचा नाही, गिऱ्हाईक स्वतः म्हणाला तरी. पहिले काही महिने गाड्या परत गेल्या. समोरच्या गॅरेजला स्कॅनिंग फुकट होतं. मग हळूहळू गॅरेजवालेच गाड्या पाठवायला लागले. आज आमचं अर्ध्याहून जास्त काम मेस्त्री लोकांकडून येतं. कार्ड घेऊन मेस्त्री मालकाला समजावू शकतो, त्याचा वेळ वाचतो, त्याचं नाव राहतं.

सोलापूरची हवा या धंद्याला काम पुरवते. उन्हाळ्यात पारा 42-43 च्या वर जातो. टर्बो आणि सायलेन्सरजवळच्या वायरींचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. ऊसतोड सुरू झाली की रान मोकळं होतं आणि उंदीर गरम बॉनेटखाली येतात. माळशिरस-पंढरपूरकडच्या गाड्यांत कुरतडलेल्या वायरी हमखास सापडतात. प्रेशरने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये पाणी राहतं आणि पिना हिरव्या पडतात. आणि बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे, जीपीएस यांचे जोड: मूळ वायर सोलून तिच्यावर पीळ मारून टेप गुंडाळलेली. ते जोड बघून मला मनापासून त्रास होतो.

आता आमच्याकडे पाच जण आहेत, बहुतेक आयटीआयची मुलं. एक कन्नड आणि एक तेलुगू घरातला, त्यामुळे येणाऱ्या गिऱ्हाईकाशी त्याच्या भाषेत बोलता येतं. हिशेब आणि कार्डांची फाईल घरची मंडळी बघतात. मुलांना पहिले काही दिवस फक्त मोजायला शिकवतो. वायर सुईने टोचायची नाही, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजायचं. बीप वाजला म्हणजे वायर चांगली असं समजायचं नाही: एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, म्हणून पॉवरच्या आणि जाड अर्थच्या वायरीवर, इसीएमचा कपलर काढून, 21 वॉटचा बल्ब लावून बघायचं. बल्ब मंद लागला की वायर आतून गेलीय. सेन्सरच्या अर्थवर इंजिन चालू असताना 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कोणतंच मॉड्यूल (गाडीतला इसीएमसारखा एकेक कॉम्प्युटर) स्कॅनरशी बोलत नसेल तर स्कॅनरच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये, बॅटरी सोडून, रेझिस्टन्स बघायचा. बऱ्याच गाड्यांत 60 ओहम हवेत. 120 आले तर मॉड्यूलना जोडणाऱ्या लाईनच्या एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय.

एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे भारत स्टेज-6, आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरवरही तापमानाचे, दाबाचे सेन्सर बसले. त्या वायरी गाडीच्या पोटाखालून जातात, चिखल आणि दगड खातात, त्यामुळे यंदा खड्ड्याऐवजी लिफ्ट बसवली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलला आम्ही अजून हात लावत नाही. त्याचं रीतसर प्रशिक्षण घेऊनच ते काम सुरू करू.

गाडी आणणाऱ्यांना एक विनंती आहे. येण्याआधी कोड खोडू नका आणि बॅटरी काढून बघू नका. दिवा लागला त्या क्षणाचे आकडे, म्हणजे इंजिनचा वेग, तापमान, लोड, इसीएमने साठवून ठेवलेले असतात. कोड खोडले की तेही जातात, आणि अनेक गाड्यांत बॅटरी काढली तरी जातात. बदललेला जुना सेन्सर टाकून देऊ नका, सोबत आणा. बऱ्याचदा तो चांगला निघतो आणि परत बसवता येतो. आणि शक्य असेल तर गाडी जो रोज चालवतो त्यालाच पाठवा; ती कधी, कुठल्या रस्त्यावर आणि किती तापल्यावर बंद पडते, हे त्यालाच माहीत असतं.