वेलडनचा डबा

आमच्या ग्रिलखालच्या फ्रिजमध्ये डाव्या कोपऱ्यात एक स्टीलचा डबा असायचा. फिलेच्या शेपटाकडचे निमुळते तुकडे, सरलॉइनचं शिरा असलेलं टोक, कापताना सुरी तिरकी गेलेला एखादा रिबाय, असा स्टेकच्या निरनिराळ्या कापांचा सगळा उरलासुरला माल त्यात पडलेला असे. वेलडनची, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेल्या स्टेकची, ऑर्डर आली की हात त्या डब्यात जायचा. हे कुणी शिकवत नाही. नवीन पोरगा आठवडाभर बघतो आणि तसंच करायला लागतो. त्यामागचा हिशेब असा, की ज्याला मांस पूर्ण शिजवूनच खायचंय त्याला बऱ्या-वाईट तुकड्यातला फरक काय कळणार? मला हा हिशेब पहिल्यापासून खटकायचा. माझ्या पाळीला मी त्या डब्याला हात लावत नसे. पण ग्रिल एकट्याचं नसतं, आणि त्या शनिवारी मी ग्रिलवर नव्हतो, पासवर होतो.

पास म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधला ओटा. तिथं उभं राहून तिकिटं मोठ्यानं वाचायची, एका टेबलाची सगळी ताटं एकदम तयार होतील असं बघायचं, ताटाच्या कडा पुसायच्या आणि वेटरच्या हाती द्यायच्या. गर्दीच्या रात्री मान वर करायला वेळ मिळत नाही. अशात सहा जणांच्या टेबलाचं तिकीट आलं: चार मीडियम रेअर (आतून लालसर), एक मीडियम (आतून गुलाबी), एक फिले वेलडन. त्याखाली वेटरनं पेनानं लिहिलं होतं, 'गुलाबी अजिबात नको. डॉक्टरांनी सांगितलंय.'

ग्रिलवर होता तो माझा सहकारी उत्तम स्वयंपाकी आहे, हे आधी सांगतो. मीडियम रेअर तो बोटानं दाबून ओळखतो आणि सहसा चुकत नाही. पण वेलडन म्हटलं की त्याचा चेहराच पडतो. आपल्या मेहनतीचा कुणी अपमान केला असं त्याला वाटतं. त्यानं डब्यातला एक तुकडा काढला, भर आचेवर टाकला आणि उलथन्यानं दाबून धरला. चर्र आवाज झाला, खाली चरबी पेटली, दोन्ही बाजू काळ्या झाल्या. बाकीची पाच ताटं तयार होती, म्हणून हेही ताटात गेलं.

पाचच मिनिटांत परत आलं. मी तुकडा मधून कापून पाहिला: बाहेर कोळसा, आत गुलाबी. जाड फिले भर आचेवर टाकलं की असंच होणार. आतपर्यंत उष्णता पोचायच्या आधीच वरचं जळून जातं. सहकाऱ्यानं तोच तुकडा मधून चिरून उघडला आणि पुन्हा जाळावर धरला. दुसऱ्यांदा ताट परत आलं तेव्हा त्यातला एक घास तेवढा खाल्लेला होता. वेटर म्हणाला, "त्या म्हणतायत, राहू द्या आता. बाकीच्यांचं जेवण होत आलंय, मला नुसते बटाटे चालतील."

माणूस बाहेर जेवायला येतो, सगळ्यांइतकेच पैसे देतो, आणि सोबतचे पाच जण जेवत असताना 'मला नुसते बटाटे चालतील' म्हणतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पास दुसऱ्याकडे दिला, हात धुतले आणि थेट टेबलापाशी गेलो.

बाई पन्नाशीच्या असाव्यात. मी माफी मागितली आणि म्हटलं, "मॅडम, फिलेऐवजी रिबाय केला तर चालेल? त्यात चरबी असते, पूर्ण शिजवला तरी मऊ राहतो. वीसएक मिनिटं द्या मला." त्या हो म्हणाल्या. मग मी विचारलं, "डॉक्टरांनी आणखी काही सांगितलंय का? तसं असेल तर सुरी, बोर्ड, सॅलड सगळं वेगळं करतो."

हे मी शिष्टाचार म्हणून विचारलं नव्हतं. गरोदर बाईला अर्धकच्च्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जाऊ शकतो, त्यानं बाळाला धोका असतो. किडनी बदललेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी खाली असते की त्याला स्टेकइतकीच शेजारच्या कच्च्या पाल्याचीही काळजी घ्यावी लागते. 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे गर्दीच्या घाईत हसून सोडून द्यायचं वाक्य नाही.

त्यांनी टेबलावरच्या बाकीच्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टरांनी काही नाही हो सांगितलं. मला असंच आवडतं, पहिल्यापासून. पण आवडतं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी वाद. वेटर समजावतो, सोबतचे हसतात. डॉक्टरांचं नाव घेतलं की निदान कुणी बोलत नाही."

स्वतःच्या आवडीचं जेवण मिळावं म्हणून एका धडधाकट बाईला आजाराचं सोंग घ्यावं लागतं. आणि तेवढं करूनही तिला आम्ही काय दिलं, तर कोळसा.

मी ग्रिलवर आलो. ट्रेमधला चांगल्यातला चांगला रिबाय निवडला, बोटभर जाडीचा, आत चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या. वेलडनसाठी हाच तुकडा का, ते सांगतो. मांसाचे तंतू तापले की आकसतात. पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट व्हायला लागतं, तेव्हा मांसाला धर येतो आणि ते अजून रसाळ असतं. सहासष्टच्या पुढं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते. मग तंतू आडवे-उभे आकसतात आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर पडतं. वेलडन म्हणजे 71 अंश आणि त्यापुढं, म्हणजे हे पाणी जाणारच. कुणी कितीही हुशार असला तरी ते थांबवू शकत नाही. तोंडात ओलावा लागायला मग उरते ती वितळलेली चरबी. फिलेत ती जवळजवळ नसते. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत मऊ तुकडा वेलडनला सगळ्यांत आधी कोरडा पडतो तो यामुळं. टेबलावर ऑर्डर घेतानाच हे सांगायला हवं होतं. वेटरनं 'पण मॅडम, वेलडन कशाला' असं सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही.

आधी तुकडा चरबीच्या काठावर उभा केला. चिमट्यानं धरून, मध्यम आचेवर. पांढरा काठ हळूहळू पारदर्शक होतो, मग सोनेरी, आणि त्यातून तुपासारखी चरबी सुटते. मग आडवा टाकला आणि दर मिनिटाला उलटत राहिलो. 'एकदाच उलटायचं' असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण सारखं उलटल्यानं दोन्ही बाजूंनी उष्णता समान शिरते, बाहेरचा थर जळत नाही आणि मांस उलट लवकर शिजतं.

शेजारी उभा राहून सहकारी म्हणाला, "आधी भर आचेवर शेकून घे, रस आत कोंडला जाईल." ही समजूत एकोणिसाव्या शतकातली आहे. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ती लोकप्रिय केली आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत ती अजून ठाण मांडून बसलीय. पण शेकल्यानं मांसाभोवती कुठलीच जलरोधक भिंत उभी राहत नाही. चर्र असा जो आवाज येतो तोच मुळी पाणी बाहेर येऊन उडून गेल्याचा. शेकायचं ते चवीसाठी. वरचा थर साधारण 140 अंशांच्या पुढं गेला की प्रथिनं आणि शर्करा यांची क्रिया जोरात होते आणि तो तपकिरी, खमंग थर तयार होतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये ती क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. ते काम शेवटी करता येतं, आणि वेलडनला शेवटीच करावं.

तापमान मोजायच्या प्रोबचा काटा मध्यभागी घातला. 63 आले तेव्हा तुकडा गरम बाजूला सरकवला, थोडा थोडा वेळ दोन्हीकडून शेकला. 68 ला उतरवला. उतरवल्यावरही आतलं तापमान चढत राहतं. आचेपासून दूर एका जाळीवर पाच मिनिटं ठेवला तोवर काट्यानं 71 ओलांडले होते. खाली साठलेला रस, लोण्याचा छोटा गोळा आणि ठेचलेली लसूण असं एकत्र करून वर ओतलं. बोटानं दाबून, रंग बघून हे काम मी कधीच करत नाही. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा असतो. ताटात दिसणारं लाल पाणीही तेच, रक्त नव्हे. रक्त तर जनावर कापतानाच बहुतेक वाहून गेलेलं असतं. आणि हा रंग फसवतो: कधी पुरेसं शिजूनही मांस गुलाबी राहतं, कधी पुरेसं शिजायच्या आधीच तपकिरी दिसतं.

ताट मी स्वतः नेलं. त्यांनी मधून कापलं, आत पाहिलं, एक घास खाल्ला आणि दुसरा घेतला. काही बोलल्या नाहीत, मीही थांबलो नाही. जाताना त्यांनी वेटरकडून तुकड्याचं नाव कागदावर लिहून घेतलं, एवढं मला नंतर कळलं.

रात्री भांडी आवरताना वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, चांगला माल असा घालवायचा म्हणजे जनावराचाही अपमान आहे. मी म्हटलं, न खाल्लेला तुकडा दोनदा परत येऊन कचऱ्यात जातो तो कुणाचा मान? मेन्यूत वेलडनची किंमत कमी लावलेली नाही. पैसे सारखे घ्यायचे आणि डब्यातला तुकडा द्यायचा, याला मी तरी फसवणूकच म्हणतो.

मीडियम रेअर खाल्ल्यानं कुणी आजारी पडत नाही, असंही तो म्हणाला. हे अर्धं खरं आहे. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, ते शेकताना मरतात. अमेरिकेचं कृषी खातंही अख्ख्या स्टेकला 63 अंश आणि तीन मिनिटं विश्रांती पुरेशी मानतं. पण खिमा केला की वरचे जंतू आत जातात, म्हणून खिम्याला तेच खातं 71 सांगतं. सुयांनी टोचून मऊ केलेल्या स्टेकचंही तसंच, बाहेरचे जंतू सुईबरोबर आत ढकलले जातात. अमेरिकेत 2016 पासून अशा मांसाच्या वेष्टनावर तसं छापावं लागतं. ताटात आलेला तुकडा टोचलेला आहे का, हे जेवणाऱ्याला बघून कळत नाही. मग एखाद्यानं सावध राहायचं ठरवलं तर त्याला अडाणी का समजायचं?

त्याचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. गर्दीत एक वेलडन ग्रिलची जागा वीस मिनिटं अडवतो आणि त्या एका ताटासाठी अख्खं टेबल खोळंबतं. यावर रागवून उपयोग नाही, पद्धत बदलावी लागते.

हेडशेफ तोवर ऐकत होते. त्यांनी बाजू कुणाचीच घेतली नाही. फ्रिज उघडला, डबा बाहेर काढला आणि म्हणाले, "यातलं शिरांचं मांस उद्या स्ट्यूला. तासन्‌तास शिजलं की त्याचं सोनं होतं. बाकी खिम्याला. डबा धुऊन टाका." दुसऱ्या दिवशी मेन्यूवरची 'मीडियमच्या पुढे शिजवू नये असं आम्ही सुचवतो' ही ओळ गेली. वेलडनचं तिकीट आलं की पासवरून ते सगळ्यांत आधी ओरडायचं आणि बाकीचे तुकडे त्याच्या वेळेवर लावायचे, असं ठरलं. वेटरला दोनच गोष्टी सांगायला सांगितल्या: रिबाय सुचवा, आणि वेळ लागेल हे ऑर्डर घेतानाच सांगा. फिलेच हवं म्हणाले तर मधून चिरून उघडून करू, तेही आधी विचारून. आणि कारण विचारायचं नाही. पथ्य म्हणून सांगितलं असेल तर मात्र पुढचं सगळं विचारायचं.

सहकारी काही दिवस घुम्यासारखा वागला. मग एकदा दुपारी हॉल रिकामा असताना ग्रिलवर एकटाच खटपट करताना दिसला. थोड्या वेळानं बोर्डवर कापलेला तुकडा घेऊन माझ्यापाशी आला. आतून एकसारखा तपकिरी, कडेला कुठंही जळलेलं नाही.

"71," तो म्हणाला. "मला असं खायला आवडणार नाही. पण कोरडं नाहीये, खाऊन बघ."

मी खाल्लं. खरोखर कोरडं नव्हतं. चरबीचा काठ तेवढा चिवट राहिला होता, तसं मी सांगितलं. त्यानं मान हलवली, ट्रेमधला दुसरा रिबाय घेतला आणि चिमट्यात धरून काठावर उभा केला.