मत नसलेल्या माणसांची लॉबी

परवा भाचीचा अमेरिकन सिटिझनशिपचा शपथविधी झाला, आम्ही सगळे पुण्यातून व्हिडिओ कॉलवर बघत होतो आणि मला सारखे जे. जे. सिंग आठवत होते. हे कोण रे, असं ताईने विचारलं, तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

१९४२ चा ऑगस्ट. इकडे गवालिया टँकवर 'चले जाव' झालं, दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी, नेहरू सगळे आत. तिकडे अमेरिका नुकतीच युद्धात उतरलेली, ब्रिटन तिचा दोस्त, त्यामुळे ऐन लढाईत हे काँग्रेसवाले खोडा घालतायत असं तिथे कित्येकांना वाटायचं, आणि ब्रिटिशांचा प्रचारही तसाच चाललेला.

आपले लोक तिथे जेमतेम काही हजार, त्यात बरेचसे कॅलिफोर्नियात शेतात राबणारे पंजाबी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलेलं की हिंदी माणूस कायद्याने 'गोरा' नाही, सबब नागरिकत्व नाही. म्हणजे मतही नाही. मग कुठला खासदार यांना दारात उभं करणार?

सिंग न्यूयॉर्कमधले व्यापारी, हिंदुस्तानच्या स्वातंत्र्यासाठी तिथे झटणाऱ्या इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी मला फार आवडलेली गोष्ट केली, ज्यांचं तिथे ऐकलं जातं अशा अमेरिकन माणसांना गाठलं. २८ सप्टेंबर १९४२ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लीगची पानभर जाहिरात आली, अमेरिकेने आत्ताच मध्यस्थी करावी म्हणून, आणि खाली सह्या नामवंत अमेरिकनांच्या! चर्चिल काही हलले नाहीत हे खरं, पण हिंदुस्तानचा प्रश्न तिथल्या लोकांसमोर आला.

पुढे नेहरूंच्या बहीण विजयालक्ष्मी पंडित तिकडे पोचल्या. त्यांचे यजमान रणजित पंडित, आपले मराठी, तुरुंगवासाने खचून जानेवारी १९४४ मध्ये गेले होते. ते दुःख घेऊन ही बाई अमेरिकेत गावोगावी भाषणं देत फिरली, त्याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ज्या कायद्यासाठी सिंग खटपट करत होते त्यावर २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सही केली. हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क, आणि तिथे नव्याने स्थायिक व्हायला वर्षाला १०० जणांचा कोटा.

"शंभरच?" ताई म्हणाली.

हो, शंभरच. पण जे आधीपासून तिथे होते ते आता नागरिक होऊ शकत होते. त्यातलेच एक कॅलिफोर्नियाचे शेतकरी दलीपसिंग सौंद, ते १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.