हँडल बदलताना: मापं आधी, लूक नंतर

बाइकचं जुनं हँडल काढण्याआधी व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) दोन मापं घ्या: ग्रिपजवळ, म्हणजे रबरी मुठीजवळ, आणि हँडल मधे धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये. ग्रिपजवळ बहुतेक गाड्यांत २२ मिमीच असतं. जाड हँडल मात्र मधे २८.६ मिमीचं असतं, ते साध्या क्लॅम्पमध्ये बसत नाही.

टाकीवर जाड गोधडी टाका. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची डबी) होसला, म्हणजे त्याच्या नळीला, लटकू देऊ नका, उभाच बांधून ठेवा. आडवा झाला की ब्रेकच्या नळीत हवा शिरते.

खरी गोची स्विचच्या डबीत. आत एक बारीक खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसेल तर मेकॅनिक खुंटीच घासून टाकतो. हे अजिबात करू देऊ नका, अॅक्सिलरेटरसकट डबी फिरते. डबी बसवून जागा आखा, खुंटीच्या मापाचंच भोक पाडा.

शेवटी गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम (इंजिनाचा वेग) आपोआप चढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. लांब केबल टाका. ब्रेक होसही ताणला जात नाही ना, बघा. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे ग्रिप सैल होऊन सरकतात, म्हणून ग्रिप चढवताना साबणपाण्यावर भागवू नका, ग्रिप-गोंदच लावा.