चारशे गुणांची तफावत आणि सहावी पट्टी

बुद्धिबळातील हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावांचा अभ्यास सुरू केल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. त्याची पहिली खरी कसोटी स्पर्धेच्या पाचव्या फेरीत लागली. माझे गुणांकन १५७४, तर प्रतिस्पर्ध्याचे १९७४ होते. खेळाडूंची ताकद गुणांत मोजणाऱ्या एलो पद्धतीच्या कोष्टकानुसार एवढ्या फरकात माझा अपेक्षित वाटा अवघा ०.०८ गुण, म्हणजे शंभर डावांत आठ गुण.

काळ्या मोहऱ्यांनी खेळताना मी मध्य डावात एक प्यादे गमावले. आपल्याहून बलवान खेळाडूविरुद्ध डाव गुंतागुंतीचा करावा, असे म्हणतात. पण गुंतागुंतीत हिशेब त्याचाच पक्का असतो, हे मी अनेक पराभवांतून अनुभवले आहे. म्हणून बरोबरीची रीत मला नेमकी ठाऊक असलेल्या एकाच स्थितीकडे डाव वळवायचा, असे ठरवून ४१व्या चालीला मी घोड्यांची मारामारी केली.

ती स्थिती फिलिदोरची. अठराव्या शतकातील या फ्रेंच खेळाडूने १७७७ मध्येच तिचे विश्लेषण मांडले होते. पांढरा राजा डी५ वर, प्यादे ई५ वर, हत्ती एच७ वर. माझा राजा ई८ वर आणि हत्ती ए६ वर. सहावी पट्टी, म्हणजे पटावरची सहावी आडवी ओळ, माझ्या हत्तीने अडवलेली असल्यामुळे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे ई६ वर सरकेपर्यंत हत्तीने ती पट्टी सोडायची नाही, आणि ते सरकताच थेट पहिल्या पट्टीवर जाऊन मागून शह देत राहायचे, कारण आता राजाला प्याद्याच्या पुढे आसरा उरलेला नसतो.

वाचताना हे सोपे वाटते. दोन महिन्यांपूर्वी याच स्थितीत मी घाईने एक चाल आधीच हत्ती खाली नेला आणि डाव हरलो होतो. या वेळी प्रतिस्पर्धी अठरा चाली नुसता हत्ती फिरवत राहिला. प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांत मी ए६-बी६-ए६ एवढेच करत होतो आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसलो होतो. अखेर ई६ आले, हत्ती ए१ वर गेला आणि नवव्या शहानंतर त्यांनी बरोबरीसाठी हात पुढे केला.

बरोबरीचा अर्धा गुण अपेक्षित ०.०८ पेक्षा ०.४२ ने जास्त, त्यामुळे २० च्या गुणकाने माझे गुणांकन ८.४ ने वाढले. आता पुढचा अभ्यास कडेच्या प्याद्याचा, जिथे हत्तीला मागून नव्हे, तर बाजूने बचाव करावा लागतो.