महागडी खुर्ची आणि झाडाखालची जागा : स्कॉटिश पाइप बँड प्रत्यक्ष ऐकताना

नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवर 32 पौंडांना मिळणारे तिकीट मी 94 पौंडांना घेतले, म्हणजे आपल्या हिशेबात दहा हजार रुपयांच्या आसपास मोजले. आणि कार्यक्रमाच्या दिवशी आत शिरताना त्याच खिडकीवरच्या बाईंनी माझ्या पुढच्या गृहस्थांना अगदी सहज दोन तिकिटे काढून दिलेली मी या डोळ्यांनी पाहिली. स्कॉटलंडचा हा प्रवास नऊ दिवसांचा होता आणि त्यातले सात दिवस उत्तम गेले, तरी लिहायला बसले की पहिल्यांदा हेच आठवते, म्हणून आधी हेच सांगून मोकळी होते.

बॅगपाइपचे वेड मला स्कॉटलंडने लावलेले नाही. माझे लहानपण बेळगावात गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडचा आवाज तिथे वाऱ्याबरोबर घरापर्यंत यायचा, त्यामुळे हे वाद्य परके आहे असे मला कधी वाटलेच नाही. पुढे ‘रेड हॉट चिली पायपर्स’ या मंडळींचे वादन ऐकले आणि ते प्रत्यक्ष ऐकायचेच, असे मनाशी ठरवले. रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकी रॉक बँडच्या नावावरचा हा श्लेष आहे, मिरचीचा इथे काही संबंध नाही. 2002 साली सुरू झालेल्या या बँडने 2007 मध्ये बीबीसीवरील एक स्पर्धा जिंकली आणि किल्ट नेसून, गिटार, कीबोर्ड आणि ड्रमसेटच्या साथीने पाइप वाजवण्याच्या या प्रकाराला ते ‘बॅगरॉक’ म्हणतात. त्यांचा एक कार्यक्रम ग्लासगोपासून रेल्वेने तासाभरावर असलेल्या एका गावी होता, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी ग्लासगो ग्रीन या मैदानावर पाइप बँडची जागतिक स्पर्धा होती. दोन्ही एका फेरीत साधायचे, एवढाच बेत होता.

आता तिकिटाविषयी. बँडचे आणि गावाचे नाव टाकून शोध घेतला की सर्वांत वर जे संकेतस्थळ येते ते नाट्यगृहाचे असतेच असे नाही, हे मला पुण्यात बसून कळले नाही. पानाच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ होते, ‘शेवटच्या चार जागा’ असे लाल अक्षरांत लिहिले होते, आणि सुरुवातीला 61 दिसणारी किंमत सेवाशुल्क, वितरणशुल्क आणि आणखी कसले तरी शुल्क मिळून शेवटच्या पानावर 94 झाली. त्या घड्याळाच्या धाकाने मी पैसे भरले. ते तिकिटांच्या पुनर्विक्रीचे दुकान होते आणि माझ्या तिकिटावर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव छापलेले होते, या दोन्ही गोष्टी मला दारात उभी असताना समजल्या. सुदैवाने दारावरच्या मुलाने नाव न पाहता केवळ तिकिटावरचा कोड वाचून आत सोडले. ग्लासगोत शिकणारा माझा भाचा बरोबर होता. त्याने दोन दिवस आधी थेट नाट्यगृहाकडून तिकीट काढले होते आणि त्याची खुर्ची माझ्यापेक्षा चांगली होती. ‘‘मावशी, मला एक फोन तरी करायचास,’’ एवढेच तो म्हणाला, आणि ते मला पैशांपेक्षा जास्त लागले.

तेव्हा जाणाऱ्यांनी इतकेच करावे: बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दौऱ्याचे पान उघडावे, तिथून दिलेल्या दुव्यानेच नाट्यगृहाच्या पानावर जावे आणि जिथे घड्याळ उलटे धावताना दिसेल तिथून शंका घेऊन बाहेर पडावे. पहिल्या पानावर दिसणारी किंमत शेवटच्या पानावर तशीच राहत नसेल, तर शेवटच्या पानावरूनही परत फिरता येते. मला त्या क्षणी ते सुचले नाही.

महागड्या खुर्चीचा दुसरा तोटा असा, की ती दुसऱ्या रांगेत, डाव्या बाजूच्या स्पीकरच्या बरोबर खाली होती. पुढची रांग म्हणजे चांगली जागा, ही आपली नाटकांवरून बनलेली समजूत इथे उपयोगाची नाही. पाइप हे वाद्य मुळातच उघड्या मैदानासाठी घडलेले आहे. ते ध्वनिक्षेपकातून, ड्रमसेटसकट, बंद सभागृहात ऐकायचे असेल तर मागे ध्वनिनियंत्रण करणारे लोक जिथे बसतात त्यांच्या आसपासची जागा घ्यावी, कारण त्यांना जे ऐकू येते त्यावरच ते आवाज जुळवत असतात. कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत. मी ठेवले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला बारीक शिटी ऐकू येत होती.

इतके सगळे म्हणूनही, पहिल्या पाच मिनिटांत मी उभी राहिले होते आणि माझ्या शेजारचे सत्तरीचे जोडपेही उभे होते. पुढे तीन पाइपर, मागे बाकीचा ताफा, आणि हे तिघे नुसते उभे राहून वाजवत नाहीत तर भात्यासारखी पिशवी काखेत दाबून धरत नाचतात, उड्या मारतात, आणि तरीही सूर हलत नाही. ज्यांना गाण्याचे थोडे अंग आहे त्यांच्यासाठी या कसरतीतली खुबी सांगते. पाइपच्या चँटरवर, म्हणजे बोटे फिरतात त्या नळीवर, केवळ नऊ स्वर असतात: मंद्रातला कोमल निषाद, मग षड्जापासून धैवतापर्यंत शुद्ध स्वर, पुन्हा कोमल निषाद आणि तार षड्ज. म्हणजे थेट खमाजाचा थाट झाला, आणि त्याबाहेर जाण्याची सोय जवळजवळ नाही. शिवाय पिशवीत हवा भरलेली असेपर्यंत आवाज थांबवता येत नाही, म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर मध्ये क्षणभर दुसऱ्या स्वराला स्पर्श करून यावे लागते. आपल्या कणस्वराचे हे सख्खे भावंड आहे. आवाज लहानमोठा करणे तर मुळातच शक्य नसते. एवढ्या बंधनांत रॉकची गाणी बसवायची म्हणजे ती नऊ स्वरांत मावतील अशी निवडावी लागतात आणि गिटारवाल्यांना पाइपच्या पट्टीला यावे लागते. इतर वाद्यांबरोबर वाजवण्यासाठी पाइपची जी पट्टी वापरतात ती आपली काळी पाच. मैदानातले बँड त्याहूनही थोडे चढे असतात.

मात्र माझ्या खुर्चीवरून ज्या गोष्टीसाठी मी एवढ्या लांब आले होते तीच हरवली होती. खांद्यावरून वर आलेल्या तीन नळ्यांना ड्रोन म्हणतात (उडणारे नव्हेत), आणि दोन षड्ज व त्यांच्याखालचा एक खर्ज असा अखंड आधार त्या धरून ठेवतात. सनईच्या जोडीला सूर धरणारी दुसरी सनई असते, तिचेच हे काम. स्पीकरखाली बसल्यामुळे बास गिटारच्या धडधडीत तो आधार मला सुटा ऐकूच आला नाही. दोष खुर्चीचा, भाच्याला मधल्या रांगेत तो व्यवस्थित ऐकू आला, हे त्याने परतीच्या वाटेवर आवर्जून सांगितले.

परतीच्या वाटेविषयी दोनच गोष्टी. लहान गावाहून शहराकडे येणारी शेवटची गाडी कार्यक्रम संपण्याची वाट पाहत नाही, म्हणून तिची वेळ तिकीट काढण्याआधी पाहावी. आणि ग्लासगोत सेंट्रल व क्वीन स्ट्रीट अशी दोन मुख्य स्थानके असून ती एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर आहेत, हे पाऊस पडत असताना चुकीच्या स्थानकावर उभे राहून शोधण्यापेक्षा आधीच माहीत असलेले बरे. लंडनच्या यूस्टनहून येणाऱ्या गाड्या सेंट्रलला येतात आणि एडिंबरोची नेहमीची गाडी क्वीन स्ट्रीटहून सुटते.

मधले दिवस एडिंबरोत आणि ग्लासगोच्या ‘पायपिंग लाइव्ह’ महोत्सवात छान गेले. हा महोत्सव 2004 पासून जागतिक स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात भरतो. त्याबद्दल तक्रार नाही, म्हणून सांगण्यासारखेही फारसे नाही.

शनिवारी ग्लासगो ग्रीन. 1986 पासून जागतिक स्पर्धा ग्लासगोतच होते. मैदानात शिरण्याचे साधे तिकीट आणि मुख्य रिंगणाशेजारच्या स्टँडमधल्या खुर्चीचे तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आधीच्या अनुभवातून काहीही न शिकता मी दुसरे घेतले. इथे कोणी फसवले नाही; माझ्या अपेक्षेनेच फसवले. स्पर्धेत बँड संचलन करत रिंगणात येतो, ढोलांचे दोन रोल होतात, सगळे पाइप एकदम पंचमावर येतात आणि मग बँड गोल करून, तोंडे आत करून उभा राहतो. म्हणजे प्रेक्षकांच्या वाट्याला पाठी येतात. सूर त्या वर्तुळाच्या आत एकवटतो आणि आत ऐकायला एकमेकांचे कान सोडून कोणी नसते. परीक्षक भोवती फिरत टिपणे घेतात, त्यांतले दोघे पाइप पाहतात, एक ढोल आणि एक एकंदर परिणाम. पहिल्या श्रेणीच्या बँडला मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील (एक संचलनाची चाल, दोन स्कॉटिश नृत्यांच्या) असा ठरलेला संच आणि स्वतः बांधलेली पाच ते सात मिनिटांची मेडली, म्हणजे वेगवेगळ्या चालींची गुंफण, असे दोन प्रकार वाजवावे लागतात. आधुनिक पाइप बँड म्हणजे काय हे कळते ते या मेडलीत: मध्येच लय तुटते, स्वरांचे थर एकावर एक चढतात, आणि गॉर्डन डंकन (1964–2005) या पर्थशरच्या पाइपरने या वाद्याला जो मोकळेपणा दिला त्याच्या खुणा जागोजाग सापडतात. पण स्टँडमध्ये वारा उलटा असेल तर हे सगळे भिंतीपलीकडच्या लग्नासारखे ऐकू येते. तिसऱ्या बँडनंतर मी उठले.

आणि उठले म्हणूनच रिंगणामागच्या झाडांकडे गेले. इथे प्रत्येक बँड आपली पाळी येईपर्यंत तासभर, कधी जास्तच, वाद्ये मिळवत आणि सगळी मेडली तुकड्यातुकड्याने वाजवत उभा असतो. साधे तिकीट असलेल्या कोणालाही तिथे हातभर अंतरावर उभे राहता येते, फक्त मध्ये घुसायचे नाही आणि वाट अडवायची नाही. मी पोहोचले तेव्हा इन्व्हरेरी अँड डिस्ट्रिक्टची मंडळी तिथे होती. आर्गाइलमधल्या त्या छोट्याशा गावात मुलांना शिकवत शिकवत उभ्या राहिलेल्या या बँडने 2017 मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांच्यातला एकजण रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबत होता. समोरच्या मुलाने एकच स्वर धरून ठेवायचा, याने मान कलती करून ऐकायचे, मग चँटरच्या एका छिद्रावर वरच्या कडेला चिकटवलेली काळी टेप अंगठ्याच्या नखाने केसभर खाली सरकवायची. छिद्र तेवढेच झाकले जाते आणि स्वर तेवढाच उतरतो. नंतर ड्रोनची नळी मनगटाने किंचित फिरवून वर ओढायची. वीस-बावीस जणांचे हे झाल्यावर त्याने बोट वर केले आणि सगळ्यांनी एकदम नुसते ड्रोन सुरू केले. तंबोऱ्याची जवारी लागल्यावर खोलीत जे होते ते इथे उघड्या आकाशाखाली झाले. माझ्या दातांत, बरगड्यांत तो सूर उतरला. मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

ढोलवाल्यांच्या मागेही जरूर उभे राहावे. त्यांचे स्नेअर, म्हणजे काड्यांनी वाजवायचे छोटे ढोल, इतके ताणलेले असतात की आवाज चामड्याचा वाटतच नाही. ताशाच्या तर्रीची सवय असलेल्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटतात, फक्त आठ-दहा जण मिळून एकाच माणसासारखे वाजवतात, जे आपल्या पथकांत क्वचित ऐकायला मिळते.

आता माझा स्पष्ट कौल: स्टँडचे तिकीट घेऊ नये. साध्या तिकिटावर सकाळी नऊला आत शिरावे, झाडांखाली जागा पकडावी आणि जो बँड विशेष आवडला त्याच्याबरोबर रिंगणाच्या कडेपर्यंत चालत जाऊन परत यावे. दिवसभर उभे राहण्याची तयारी आणि पाणी न शिरणारे बूट गृहीत धरले आहेत. रेनकोट न्यावा, छत्री नेऊ नये, कारण मागच्या माणसाला काही दिसत नाही आणि क्लाइड नदीवरचा वारा ती दुसऱ्या मिनिटाला उलटवतो. शाकाहारी माणसाला बटाट्याच्या चिप्स सर्वत्र मिळतात आणि नशीब असेल तर हॅगिस या मूळच्या मांसाहारी स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकारही, पण दुपारच्या रांगेत एक पूर्ण बँड हुकतो, तेव्हा पिशवीत दशम्या असू द्याव्यात. निकालासाठी मात्र थांबण्याचा माझा सल्ला नाही: सगळ्या श्रेणींचे बँड एकापाठोपाठ मैदानात येऊन उभे राहीपर्यंत पाय बोलू लागतात. कदाचित ओल्या मोज्यांमुळे मी हे लिहीत असेन; भाचा थांबला आणि त्याच्या मते तोच दिवसाचा कळस होता.

शेवटचे म्हणजे, झाडाखाली फोन बाहेर काढू नये. मी ते ड्रोन चार मिनिटे उतरवून आणले आणि घरी मोठ्या उत्साहाने लावले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, ‘‘मिक्सर कोणी चालू ठेवलाय गं?’’